'एस्पोसितो' : एका इटालियन आडनावाची व्युत्पत्ती आणि तिची मर्यादा

आडनावांच्या कोशांत नोंद लिहिण्याची एक रीत पडून गेली आहे. आधी नाव, मग ज्या शब्दावरून ते आले तो शब्द, मग त्या शब्दाचा अर्थ. एवढे झाले की नोंद पुरी झाली असे समजले जाते. इटालियन आडनावांपुरते बोलावयाचे तर 'फेर्रारी' म्हणजे लोहार, 'रोस्सी' किंवा दक्षिणेकडील 'रुस्सो' म्हणजे तांबड्या केसांचा अथवा तांबूस वर्णाचा. अशा नोंदी वाचताना कोणाचे काही बिघडत नाही. आजच्या एखाद्या फेर्रारीला ऐरण ठाऊक नसली म्हणून कोशकाराला कोणी दोष देत नाही, आणि आपला पूर्वज लोहार होता असे छापून आल्याने त्या फेर्रारीचेही काही जात नाही. परंतु याच रीतीने 'एस्पोसितो' या आडनावाची नोंद लिहिली गेली की ती निराळ्याच जातीचे विधान होऊन बसते. 'एस्पोसितो : टाकून दिलेले मूल' एवढे चारच शब्द छापले जातात आणि इटलीतील सर्वाधिक प्रचलित आडनावांच्या अगदी पहिल्या पंक्तीत बसणारे हे नाव धारण करणाऱ्या असंख्य माणसांच्या कुळाविषयी एक निकाल दिला जातो.

गेल्या सत्रात विशेषनामांच्या अभ्यासावरील तासाला एम्. ए. च्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग नेपल्समधली ही सगळी माणसे अनाथ मुलांचीच वंशज समजायची का?" मी त्या वेळी "बहुतांशी" असे उत्तर दिले आणि पुढे गेलो. ते उत्तर घाईचे होते. व्युत्पत्ती बरोबर असूनही तिच्यापासून काढलेला निष्कर्ष चुकीचा असू शकतो, हे भाषाशास्त्राच्या अध्यापकाने तरी विसरावयास नको होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती होय.

प्रथम जे निर्विवाद आहे ते सांगून टाकतो. या आडनावाच्या मुळाशी लॅटिनमधील 'एक्स्पोनेरे' म्हणजे 'बाहेर ठेवणे' हा धातू आहे. नको असलेले किंवा पोसता न येणारे अर्भक घराबाहेर नेऊन ठेवणे या विशिष्ट क्रियेसाठी हा धातू रोमन काळापासून रूढ होता; त्याचे 'एक्स्पोसितुस' हे रूप आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर क्तप्रत्ययान्त कर्मणि धातुसाधित ठरते. नेपल्स येथे चौदाव्या शतकात स्थापन झालेल्या आनुन्त्स्याता या धर्मसंस्थेने टाकलेल्या मुलांच्या संगोपनाचे कार्य अंगावर घेतले. संस्थेच्या भिंतीत एक झरोका होता आणि त्यात उभ्या आसाभोवती फिरणारे एक लाकडी पिंप बसविलेले होते. बाहेरच्या माणसाने मूल त्यात ठेवावे, पिंप फिरवावे, आणि आतल्या बाईने ते उचलून घ्यावे. ठेवणाऱ्याचे तोंड कोणाला दिसू नये अशी ही योजना होती. या पिंपाला इटालियनमध्ये 'रुओता' म्हणजे चाक म्हणत. मुलाच्या गळ्यात शिशाची मुद्रा अडकविली जाई, त्याला बाप्तिस्मा दिला जाई, आणि नोंदवहीत नाव चढविताना कुलनामाच्या जागी 'एक्स्पोसितुस' अथवा त्याचे इटालियन रूप 'एस्पोसितो' लिहिले जाई. नेपल्सचे हे चाक १८७५ साली बंद झाले. उत्तरेतील फेर्राराचे त्याआधीच, १८६७ साली बंद झाले होते. नेपल्समध्ये तो झरोका अजून पाहावयास मिळतो.

येथवर कोशकार आणि मी यांच्यात मतभेद नाही. मतभेद सुरू होतो तो या शब्दाच्या रूपाकडे पाहिल्यावर. सर्वसाधारण कोश रूपाकडे पाहतच नाहीत. त्यांना अर्थ मिळाला की पुरे असते.

लॅटिन 'पोसितुस' या धातुसाधिताचे बोलीतून घडत आलेले इटालियन रूप 'पोस्तो' असे आहे. मधला आघातरहित ऱ्हस्व इकार लोपला आणि 'पोस्तो' शिल्लक राहिले. हा लोप फार जुना आहे. व्हर्जिलच्या काव्यातसुद्धा 'रेपोस्तुम' असे आखडलेले रूप आढळते. म्हणून आजच्या इटालियनमध्ये 'बाहेर ठेवलेला, उघडा पडलेला' या अर्थी कोणी 'एस्पोसितो' म्हणत नाही, 'एस्पोस्तो' म्हणतात. इकार जेथे टिकून आहे असे शब्द ग्रंथांतून, कचेऱ्यांतून आणि चर्चच्या लॅटिनमधून मागाहून आलेले आहेत. 'देपोस्तो' म्हणजे खाली ठेवलेला किंवा पदच्युत केलेला, तर 'देपोसितो' म्हणजे ठेव. 'प्रोपोस्तो' म्हणजे सुचविलेला, तर 'प्रोपोसितो' म्हणजे हेतू. मराठीच्या विद्यार्थ्याला ही परिस्थिती चांगली परिचयाची आहे. 'क्षेत्र' आणि 'शेत', 'कर्म' आणि 'काम' या जोड्यांत जे नाते आहे तेच येथे आहे. 'पोस्तो' तद्भव, 'पोसितो' तत्सम. याच न्यायाने 'एस्पोस्तो' हे बोलीच्या वाटेने आलेले आणि 'एस्पोसितो' हे लेखणीच्या वाटेने आलेले रूप ठरते.

आता यातून काय निष्पन्न होते ते पाहावे. टोपणनावावरून आलेली आडनावे लोकांच्या तोंडची असतात. शेजाऱ्यांनी एखाद्याला 'तांबडा' म्हटले आणि तो 'रुस्सो' झाला. ते रूप बोलीचे नियम पाळते. नेपल्सच्या गल्लीतील लोकांनी एखाद्या मुलाला 'टाकलेला' म्हणून हिणविले असते आणि तेच पुढे आडनाव झाले असते, तर ते आज 'एस्पोसितो' या रूपात आपल्यापर्यंत पोचले नसते. या शब्दातील तो एक न झडलेला इकार सांगतो की हे नाव कोणी हाक मारताना दिलेले नाही, लिहिताना दिलेले आहे. ते टोपणनाव नव्हे, वहीतील शेरा आहे. लोकांच्या तोंडी या मुलांना निराळाच शब्द होता : 'मदोन्नाची मुले'. आनुन्त्स्याताच्या चाकातून आत आलेले मूल मेरीमातेच्या पदरात पडले अशी ती भावना होती, आणि असे मूल सांभाळावयास नेणे नेपल्समध्ये पुण्याचे मानले जाई. म्हणजे एकाच मुलासाठी एकाच शहरात दोन नावे होती, एक कारकुनाचे आणि एक शेजाऱ्याचे. पैकी कारकुनाचे तेवढे टिकले, कारण ते कागदावर होते. कोश जेव्हा 'टाकून दिलेले मूल' असा अर्थ देऊन थांबतो, तेव्हा तो नकळत कारकुनाची दृष्टी ही सगळ्या शहराची दृष्टी म्हणून सांगत असतो.

नेपल्स दीर्घकाळ, १५०३ ते १७०७, स्पॅनिश व्हाइसरॉयांच्या अमलाखाली होते आणि स्पॅनिशमध्येही नेमक्या याच अर्थाचे व याच घडणीचे आडनाव आहे. तेव्हा हे नाव स्पेनकडून आले की काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पण स्पॅनिशमध्येही तद्भव रूप 'पुएस्तो', 'एक्स्पुएस्तो' असे आहे आणि आडनाव मात्र इकारासह लिहिले व बोलले जाते. दोन्ही देशांत तद्भव रूप हाताशी असताना नोंदवहीने तत्सम रूप घेतले, याचे कारण दोन्हीकडील चर्चची लॅटिन भाषा एकच होती. उसनवारीची कल्पना करण्याची गरज नाही.

हा प्रकार नेपल्सपुरता नाही. रोममध्ये आणि तिच्या आसपास अशाच मुलांना 'प्रोयेत्ती' हे आडनाव मिळाले. मूळ लॅटिन 'प्रोयेक्तुस', म्हणजे पुढे फेकलेला. बोलीत 'फेकणे' या अर्थी 'जेत्तारे' हा क्रियापदाचा तद्भव अवतार आहे आणि तोस्काना प्रांतात टाकलेल्या मुलांना 'जेत्तातेल्ली' असे त्यावरून साधलेले नाव होते. बोलीत 'जेत्तातेल्लो', वहीत 'प्रोयेत्तो' : पुन्हा तोच भेद. बोलोन्याचे उदाहरण तर फारच मनोरंजक आहे. तेथील आडनाव 'देल्यी एस्पोस्ती', म्हणजे 'एस्पोस्तींपैकी'. येथे 'पोस्ती' हा भाग तद्भव आहे, त्यामागे षष्ठीचा प्रत्यय आणि उपपद दोन्ही चिकटलेली आहेत, पण 'एस्' हा आरंभ मात्र ग्रांथिकच आहे. निखळ बोलीत 'एक्स्' या उपसर्गाचा आद्य स्वर गळून पडतो, जसे 'एक्स्पान्देरे'पासून तद्भव 'स्पान्देरे' आणि तत्सम 'एस्पान्देरे' अशी जोडी झाली. तेव्हा बोलोन्याच्या नावाला अर्धतत्सम म्हणावे लागेल. ते व्यक्तीला लावलेले विशेषण नसून संस्थेचा पत्ता आहे. 'एस्पोस्तींच्या घरातील' एवढाच त्याचा आशय आहे. अभिनेत्री प्येरा देल्यी एस्पोस्ती (१९३८–२०२१) बोलोन्याचीच होती.

फ्लॉरेन्सच्या संस्थेचे नाव अधिक कोमल आहे : 'इन्नोचेन्ती', निष्पाप बालके. ब्रुनेल्लेस्कीने आराखडा केलेली ही इमारत १४१९ साली बांधावयास घेतली आणि १४४५ साली तिच्यात पहिले मूल आले. येथून 'इन्नोचेन्ती', 'देल्यिन्नोचेन्ती' आणि 'नोचेन्तीनी' ही आडनावे निघाली. यांपैकी शेवटच्या नावापाशी क्षणभर थांबावेसे वाटते. 'इन्नोचेन्ते' म्हणजे जो अपाय करीत नाही तो. त्यातील 'इन्' हा नकारवाचक उपसर्ग आहे. बोलण्याच्या ओघात आद्य स्वर गळाला आणि त्यासोबत नकारही गेला. काटेकोर व्युत्पत्ती पाहणाऱ्याने आजच्या नोचेन्तीनींना 'लहानगे अपराधी' म्हटले पाहिजे, कारण 'नोचेन्ते' म्हणजे अपकारी. असे कोणी म्हणत नाही, हे सुदैव! पण का म्हणत नाही, याचा विचार कोशकारांनी केला असता तर 'एस्पोसितो'च्या नोंदीतही त्यांची लेखणी अडखळली असती.

मिलानचे 'कोलोम्बो' हे नाव या मालिकेत नेहमी दिले जाते. तेथील ओस्पेदाले माज्जोरे या रुग्णालयाच्या चिन्हावर कबूतर होते, इटालियनमध्ये 'कोलोम्बा'. म्हणून तेथील अनाथ मुलांना एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकापर्यंत 'कोलोम्बो' म्हणत. ही माहिती खरी आहे. परंतु हे रुग्णालय फ्रान्चेस्को स्फोर्त्साने १४५६ साली स्थापिले आणि क्रिस्तोफोरो कोलोम्बो, म्हणजे आपला कोलंबस, १४५१ साली जेनोवात जन्मला, तेव्हा त्याच्या घरात हे नाव आजोबांपासून चालत आलेले होते. कबूतर पाळणारा, कबुतरासारख्या स्वभावाचा, किंवा 'कोलोम्बो' याच व्यक्तिनामाच्या पूर्वजाचा वंशज, अशा तीन-चार वाटांनी हे आडनाव स्वतंत्रपणे निर्माण होऊ शकते आणि झालेही आहे. 'नोचेन्तीनी'ही 'इन्नोचेन्त्सो' या व्यक्तिनामावरून येऊ शकते. तेव्हा 'कोलोम्बो म्हणजे अनाथ' हे विधान मिलानच्या काही घराण्यांच्या बाबतीत खरे आणि इतरांच्या बाबतीत सर्वस्वी खोटे असेल. 'एस्पोसितो'ची गोष्ट इतकी मोकळी नाही, हे मान्य केले पाहिजे. त्याला दुसरा उगम जवळजवळ नाहीच. म्हणूनच तेथे चूक करणे सोपे होते. उगम एकच आहे असे दिसले की अर्थही एकच आहे असे वाटू लागते.

या ठिकाणी आपल्या प्राचीन शब्दविचाराने केलेला एक भेद फार उपयोगी पडतो. शब्द कसा साधला, याचे जे कारण ते व्युत्पत्तिनिमित्त. तो शब्द एखाद्या वस्तूला का लावला जातो, याचे जे कारण ते प्रवृत्तिनिमित्त. 'गो' शब्द 'जाणे' या अर्थाच्या धातूपासून साधता येतो, पण बसलेल्या गाईलाही आपण गायच म्हणतो. नोंदवहीत ज्या मुलाचे नाव पहिल्यांदा 'एक्स्पोसितुस' असे चढले, त्याच्यापुरती ही दोन्ही निमित्ते एकच होती : त्याला बाहेर ठेवले होते, म्हणून तो एक्स्पोसितुस. तो शब्द अजून क्रियाशब्दच होता. हाच मुलगा मोठा झाला, त्याने संसार थाटला, आणि त्याच्या मुलाला तेच नाव मिळाले. त्या मुलाला कोणी कोठे ठेवले नव्हते. तो आईच्या मांडीवर वाढला. त्याच्या बाबतीत व्युत्पत्तिनिमित्त नाहीसे झाले, प्रवृत्तिनिमित्त तेवढे उरले, आणि ते म्हणजे 'अमक्याचा मुलगा असणे'. दोन-तीन पिढ्यांनी हा शब्द महाभाष्यकार ज्याला यदृच्छाशब्द म्हणतात त्या वर्गात जाऊन बसतो.

हे केवळ तत्त्वचर्चेपुरते राहत नाही. भाषेच्या अंगावर त्याच्या खुणा दिसतात. पहिली खूण लिंगाची. धातुसाधित विशेष्याप्रमाणे बदलते : मुलगा 'एक्स्पोसितुस', मुलगी 'एक्स्पोसिता'. आज मात्र मरिया असली तरी ती 'मरिया एस्पोसितो' असते. जुन्या काळी इटालियन स्त्रियांची आडनावे आकारान्त करण्याची चाल होती (सोळाव्या शतकातील कवयित्री लाउरा बात्तिफेर्री हिला 'बात्तिफेर्रा' असेही म्हणत), त्यामुळे एखाद्या कागदात स्त्रीच्या नावापुढे 'एस्पोसिता' आढळले तर तेवढ्यावरून ते विशेषण की आडनाव हे ठरविता येणार नाही. पण उलट बाजू निर्णायक आहे. स्त्रीच्या नावापुढे ओकारान्त 'एस्पोसितो' उभे राहिले की तो शब्द धातुसाधित राहिला नाही हे व्याकरणच सांगते. दुसरी खूण 'देस्पोसितो' या आडनावाची. सोर्रेन्तोच्या बाजूला हे विशेष आढळते. त्यातील आरंभीचा 'द्' म्हणजे षष्ठीचा 'दि', 'चा'. 'एस्पोसितोचा' असे म्हणावयास आधी 'एस्पोसितो' हे एका माणसाचे नाव होऊन बसलेले असावे लागते. तिसरी खूण 'स्पोसितो' या दक्षिणेकडील रूपाची : आद्य स्वर येथे गळला. लेखणीतून निघालेला शब्द शेवटी लोकांच्या तोंडी पडला आणि तोंडाने त्याच्यावर आपला नियम चालविला. शब्द वहीतून घरात आल्याचा याहून चांगला पुरावा मागू नये.

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. ही माणसे अनाथ मुलांची वंशज आहेत काय? साधा हिशेब करून पाहावा. एका पिढीला तीस वर्षे धरली तर तीनशे वर्षांत दहा पिढ्या होतात आणि दहाव्या पिढीत प्रत्येक माणसाच्या पूर्वजांची १०२४ स्थाने भरावयाची असतात. आडनाव त्यांपैकी एका स्थानाची वार्ता सांगते, बापाच्या बापाच्या बापाची. उरलेली १०२३ स्थाने त्याच्या कक्षेबाहेर आहेत. त्याच न्यायाने आनुन्त्स्याताच्या चाकातून आलेल्या मुलींचा वंश, त्या जेथे लग्न करून गेल्या तेथील रुस्सो, रोमानो, एस्पोसितो अशा नावांखाली वाहत गेला. नेपल्सच्या जुन्या घराण्यातील एखादा रुस्सो आपल्या शेजारच्या एस्पोसितोकडे कोशातील अर्थ डोळ्यांपुढे ठेवून पाहत असेल, तर त्याच्या स्वतःच्या रक्तात चाकातून आलेली दोन माणसे असतील आणि शेजाऱ्याच्या रक्तात एकच असेल, हे सहज संभवते. तेव्हा 'बहुतांशी' हे माझे उत्तर एका अर्थी फार कोते होते आणि दुसऱ्या अर्थी फार सैल. पुरुषपरंपरेच्या एका रेषेपुरते ते जवळजवळ पूर्णतः खरे आहे. माणूस म्हणून त्याच्या कुळाविषयी ते काहीच सांगत नाही.

आणखी एक गोष्ट. 'टाकलेले' म्हणजे 'अनौरस' असे समीकरण सर्रास गृहीत धरले जाते. ते टिकत नाही. एकोणिसाव्या शतकातील मिलानमध्ये विवाहित श्रमजीवी दांपत्ये आपली औरस मुले मोठ्या संख्येने संस्थेच्या स्वाधीन करीत, आणि त्यांतील कित्येक पुढे परतही नेत. दारिद्र्य, दुष्काळ, आईचे आजारपण किंवा मृत्यू, अशी कारणे त्यामागे असत. नोंदवहीतला शब्द एवढेच सांगतो की मूल बाहेर ठेवले गेले. ते का ठेवले गेले, हे त्या शब्दाने कधीच सांगितलेले नाही. ते वाचणाऱ्यांनी त्यात भरले.

राज्यकर्त्यांनाही हा शब्द सलत होता. नेपल्सच्या राज्यात १८०९ साली मुलकी जन्ममृत्यूची नोंदणी सुरू झाली आणि जोआकिम म्युरा याच्याच राजवटीत (१८०८–१८१५) टाकलेल्या मुलांना सरसकट 'एस्पोसितो' हे नाव देण्यास बंदी झाली. पुढे ठिकठिकाणी अशा मुलांसाठी निरनिराळी, मुद्दाम घडविलेली आडनावे देण्याची पद्धत आली. हेतू चांगला होता. पण व्युत्पत्तिशास्त्राच्या दृष्टीने त्याचा परिणाम असा झाला की एकोणिसाव्या शतकातील असंख्य परित्यक्त मुलांच्या आडनावात त्यांच्या जन्माची कोणतीही खूण उरली नाही. म्हणजे ज्यांच्या नावात खूण आहे त्यांच्या संबंधाची घटना दोनशे वर्षांहून अधिक जुनी, आणि ज्यांच्या बाबतीत ती अलीकडची, त्यांच्या नावात खूण नाही! नावाच्या अर्थावरून कुळ ओळखू पाहणारा दोन्ही बाजूंनी फसतो. कोशांत या बंदीचा उल्लेख कोठे कोठे असतो, पण तिच्यापासून हा उलटा निष्कर्ष काढलेला माझ्या पाहण्यात नाही.

शब्दाने न सांगितलेले वाचणारा समाज मात्र फार काळ टिकला. एदुआर्दो दे फिलिप्पो यांचे 'फिलुमेना मार्तुरानो' हे १९४६ सालचे नाटक नेपल्समध्येच घडते. आपल्या तीन मुलांना एक आडनाव मिळावे म्हणून मरणाचे सोंग करून लग्न लावून घेणारी आई त्यात आहे. नाटककार स्वतः एदुआर्दो स्कार्पेत्ता या नामवंत नटाचा विवाहबाह्य पुत्र होता आणि आईचे आडनाव लावीत असे. त्या काळी इटलीत सरकारी कागदांवर मातापित्यांची नावे लिहावी लागत आणि ज्याचे मातापिता अज्ञात त्याच्या कागदावर 'एन्. एन्.' ही दोन अक्षरे येत. ३१ ऑक्टोबर १९५५ च्या कायद्याने हा उल्लेख काढून टाकला. 'एस्पोसितो' गेले तरी त्याचे काम ही दोन अक्षरे करीत राहिली होती, असे म्हणावयास हरकत नाही. आणि फरक पाहा : 'एन्. एन्.' हे कोणाचेही आडनाव झाले नाही. त्यांचे प्रवृत्तिनिमित्त कधी बदललेच नाही, म्हणून त्यांची बोच अखेरपर्यंत तशीच राहिली. 'एस्पोसितो'ची बोच वंशपरंपरेने बोथट केली.

सन २००० च्या नागरी नोंदणीविषयक नियमावलीतील चौतिसावे कलम असे सांगते की ज्याचे मातापिता अज्ञात आहेत अशा मुलाला त्याच्या जन्माचा प्रकार सूचित करणारे नाव किंवा आडनाव देता येणार नाही, तसेच ऐतिहासिक महत्त्वाचे अथवा त्या ठिकाणी विशेष प्रसिद्ध असलेल्या घराण्याचेही आडनाव देता येणार नाही. कायद्याला येथे निखळ यदृच्छाशब्द हवा आहे, ज्यातून खालीही काही वाचता येऊ नये आणि वरही काही वाचता येऊ नये. भाषाशास्त्रज्ञाला ही तरतूद वाचताना कौतुक वाटते, कारण असा शब्द तयार मिळत नसतो; तो वापराने घडावा लागतो.

मग कोशातील नोंद कशी असावी? एमिद्यो दे फेलिचे यांचा इटालियन आडनावांचा कोश १९७८ साली आला आणि त्याने या अभ्यासाला शिस्त लावली, याबद्दल दुमत नाही. दूरध्वनीधारकांच्या याद्यांवरून आडनावांची प्रादेशिक वाटणी मोजण्याचे त्यांचे काम आजही मार्गदर्शक आहे. त्यानंतर २००८ मध्ये काफारेल्ली आणि मार्कातो यांचा विस्तृत कोशही झाला. माझी तक्रार या विद्वानांविषयी नसून त्यांच्या नोंदींतून एक ओळ उचलून फिरविणाऱ्या लहान पुस्तकांविषयी आहे. 'एस्पोसितो'च्या नोंदीत अर्थाआधी शब्दाचा थर सांगावा : हे तत्सम रूप आहे, ते नोंदवहीतून आले. नंतर नाव देणारा कोण आणि कोणत्या काळापर्यंत, हे सांगावे. आणि 'टाकलेले मूल' हा अर्थ द्यावयाचा तो धातुसाधिताचा म्हणून द्यावा, आडनावाचा म्हणून नव्हे. दोन ओळी वाढतील, इतकेच.

व्युत्पत्तीचा मोह मोठमोठ्यांना सुटत नाही. रोबेर्तो एस्पोसितो या नेपल्सच्या तत्त्वज्ञाने १९९८ साली 'कोम्मूनितास' हा ग्रंथ लिहिला आणि समाजाची सगळी मीमांसा लॅटिन 'मूनुस' या शब्दाच्या व्युत्पत्तीवर उभी केली. त्या मीमांसेत माणसाने स्वतःच्या सीमेबाहेर उघडे पडणे या कल्पनेला महत्त्वाचे स्थान आहे. लेखकाच्या आडनावाकडे बोट दाखवून विनोद करण्याचा मोह येथे कोणालाही होईल; मलाही झाला. पण तो विनोदच. ग्रंथाचा विचार आडनावातून निघाला असे कोणी गंभीरपणे म्हणू लागला, तर त्याने कोशाचीच चूक पुन्हा केली असे होईल.

उच्चाराविषयी थोडे सांगणे उरले आहे. नेपल्समध्ये या नावातील मधला 'स' अघोष असतो, उत्तर इटलीत तो घोष होऊन 'झ'च्या जवळ जातो. आघात मात्र दोन्हीकडे 'पो' वर, लॅटिनमध्ये होता तेथेच. शतकांच्या घडामोडीत या शब्दाचे लिंग गेले, कोठे आद्य स्वर गेला, पण आघात हलला नाही. तो हलला समुद्रापलीकडे. कॅनडात जन्मलेले फिल आणि टोनी एस्पोसितो हे बर्फावरील हॉकीचे दोन नामवंत खेळाडू होऊन गेले. तेथील प्रेक्षक त्यांचे नाव घेताना आघात 'सि' वर देत आणि तो स्वर दीर्घ करीत. लॅटिन धातुसाधिताच्या स्वररचनेत या आघाताला जागाच नाही, कारण तेथे तो इकार ऱ्हस्व आहे. आणि बोलीने तर तो कधीच झाडून टाकला होता. नोंदवहीने जपलेल्या त्याच इकारावर आता नावाचा सगळा भार येऊन पडला आहे.